८० मेंढरं विकून नीटचा क्लास?

प्रश्न : आम्ही सिन्नर तालुक्यातले मेंढपाळ. थोरलीला बारावी सायन्सला ६४ टक्के, नीटला १९० गुण. ती पुन्हा बसायला नाही म्हणते, पण मला तिला डॉक्टरच करायचंय. नाशिकला हॉस्टेल आणि रिपीटर क्लाससाठी १२० पैकी ८० मेंढरं विकायला काढलीत. मेंढरांत तसंही काही राहिलं नाही. आता त्यांच्या लसीची वही लिहिणं सोडून तिनं अभ्यास करावा. क्लास कोणता चांगला?

उत्तर : दादा, क्लासचं नाव मी सांगणार नाही. मुलगी नको म्हणते, हे लिहून तुम्ही तसेच पुढे गेलात. मी मात्र तिथेच अडकले. उद्या ती क्लासला बसली की प्रत्येक चाचणीत तिच्या डोक्यावर ८० मेंढरांचं ओझं असेल. गुण कमी पडले तर अभ्यास कमी पडला असं तिला वाटणार नाही, आपण घर बुडवलं असं वाटेल. १८ वर्षांच्या पोरीवर हे लादणं चूक आहे.

आता ‘मेंढरांत काही राहिलं नाही’ याबद्दल. लोकरीपुरतं ते खरं. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, कातरणीची मजुरीही सुटत नाही. पण तुमचं घर चालतं ते कोकरांवर. पीक निघालं की शेतकरी रानात मेंढरं बसवायला बोलावतात. तुम्ही वाघूर (मेंढरं कोंडायचं जाळ्यांचं कुंपण) लावता, लेंडीखत त्यांच्या जमिनीला मिळतं, तुम्हाला धान्य किंवा रोख. चारा बहुतेक फुकटचा. यातलं काहीच पासबुकात दिसत नाही, म्हणून ते उत्पन्नच नाही असं तुम्ही धरून चाललात. मेंढी पाच महिन्यांत विते. माद्या विकल्या की पुढच्या सालची कोकरंही व्यापाऱ्याच्याच टेम्पोत गेली समजा. आणि हे बघा : राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० माद्या आणि ५ नरांचं युनिट नव्याने उभारणाऱ्याला भांडवली खर्चाच्या ५० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान मिळतं. लोक कर्ज काढून जे उभं करू बघताहेत, ते तुम्ही मोडायला निघालात.

लसीची वही तुम्हाला वेळेचा अपव्यय वाटते. मला तिच्यात मुलीचा कल दिसतो. आंत्रविषाराची (मेंढरांच्या आतड्याच्या जीवघेण्या रोगाची) लस पावसाळ्याआधी कुठल्या मेंढीला टोचली, याची नोंद भल्याभल्यांकडे नसते. पशुवैद्यकीलाही नीटच लागते, तेव्हा आता तिकडेही ढकलू नका. सीईटी दिली असेल तर बी.एस्सी. कृषी आहे, बारावीला गणित असेल तर डेअरी टेक्नॉलॉजीही. नाशिकच्याच मुक्त विद्यापीठात कृषीचे अभ्यासक्रम आहेत.

व्यापाऱ्याला सध्या थांबवा. वर्षभरात कोकरं किती विकली, मेंढरं बसवल्याचं किती आलं, औषधाला किती गेलं, हे तिच्याकडूनच मांडून घ्या. त्याच बैठकीत तिला काय शिकायचंय ते विचारा. तिला मेंढरं नको असतील, बँकेत किंवा पोलिसात जायचं असेल, तर तेही ऐकून घ्या. पुढचं पत्र तिला लिहू द्या.