सर्व्हर तीन, यूपीएस एक

प्रश्न : आमच्याकडे प्रॉक्समॉक्सचा (एका सर्व्हरवर अनेक आभासी संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणाऱ्या प्रणालीचा) तीन नोडचा, म्हणजे एकत्र जोडलेल्या तीन सर्व्हरचा, क्लस्टर आहे. ‘नट’ची, म्हणजे यूपीएसवर लक्ष ठेवून वीज गेल्यावर सर्व्हर बंद करणाऱ्या नेटवर्क यूपीएस टूल्सची सेटिंग एका नोडवर बदलली. बाकी दोघांवर ती का गेली नाही?

उत्तर : क्लस्टरभर आपोआप पोचतं ते ‘/ईटीसी/पीव्हीई’ या फोल्डरमधलं. ‘नट’च्या फायली ‘/ईटीसी/नट’मध्ये, म्हणजे प्रत्येक नोडच्या स्वतःच्या. त्या पीव्हीईत हलवून लिंक देऊ नका; क्लस्टरची सेवा बंद असली की तिथलं काहीच सापडत नाही. मूळ प्रत गिटमध्ये (फायलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) ठेवा, अॅन्सिबलने (एकच सेटिंग अनेक सर्व्हरवर पाठवणाऱ्या साधनाने) तिन्हीकडे पाठवा. प्रायमरी (यूपीएस सांभाळणारा नोड) आणि सेकंडरी (त्याच्याकडून माहिती घेणारे बाकीचे) यांची ओळ तेवढी नोडप्रमाणे वेगळी असेल.

प्रश्न : वीज गेल्यावर तिन्ही नोड ठरल्याप्रमाणे बंद व्हायला लागले. तरी एका सेकंडरीवरचा डेटाबेस बिघडला. बॅटरी तर शिल्लक होती!

उत्तर : बॅटरी संपली नाही, यूपीएसनेच वीज तोडली असावी. सेकंडरीचं यूपीएसमॉन (‘नट’चा पहारा ठेवणारा प्रोग्रॅम) आपल्या नोडला बंद होण्याचा आदेश देतं आणि लगेच प्रायमरीशी संपर्क सोडतं. त्यावरची व्हर्च्युअल मशीन बंद झाली की नाही, हे प्रायमरीला कळत नाही. प्रायमरी जास्तीत जास्त ‘होस्टसिंक’ या सेटिंगइतकी, म्हणजे मुळात 15 सेकंद थांबते. प्रायमरीवर मशीन कमी असली की ती झटपट बंद होते आणि जाताजाता यूपीएसला वीज तोडायला सांगते. यूएसबीच्या नेहमीच्या ड्रायव्हरमध्ये ‘ऑफडिले’, म्हणजे आदेशानंतर वीज तोडेपर्यंतचा वेळ, 20 सेकंदांचा असतो. प्रॉक्समॉक्स मात्र एकेका मशीनला बंद व्हायला 180 सेकंदांपर्यंत मुदत देतो. माझ्या मते सगळ्यात जास्त डेटा इथेच जातो. सुट्टीच्या दिवशी घड्याळ लावून प्रत्येक नोड बंद करून पाहा. सगळ्यात संथ नोडला लागेल त्याहून ‘ऑफडिले’ मोठा हवा आणि ‘ऑनडिले’ (वीज परत सुरू करेपर्यंतचा वेळ) त्याहूनही मोठा. तेवढा वेळ बॅटरीने तग धरायला हवा, म्हणून ‘बॅटरी लो’ची (जिथे नोड बंद व्हायला लागतात ती) पातळीही वर न्या.

प्रश्न : बॅटरी भरलेली असूनही वीज जाताच मिनिटभरात नोड रीसेट होतात.

उत्तर : नेटवर्क स्विच यूपीएसवर आहे का, ते आधी बघा. स्विच बंद पडला की नोडना एकमेकांचा पत्ता राहत नाही, कोरम (नोडचं बहुमत) जातो आणि एचए (हाय अव्हेलेबिलिटी, म्हणजे बंद पडलेल्या नोडवरची मशीन दुसरीकडे सुरू करणारी सोय) चालू असलेल्या नोडला वॉचडॉग (नोड रीसेट करणारा टायमर) सुमारे 60 सेकंदांत रीसेट करतो.

प्रश्न : एचएची शटडाउन पॉलिसी ‘मायग्रेट’ ठेवू का?

उत्तर : नको. ज्या नोडवर मशीन पाठवाल, तोही बंदच होत असतो. ‘फ्रीझ’ (मशीन बंद होऊन त्याच नोडवर राहतात) ठेवा. ही सेटिंग डेटासेंटर (पूर्ण क्लस्टरच्या) पातळीवरची असल्यामुळे एकदाच करावी लागते. फक्त देखभालीसाठी एखादा नोड बंद करण्याआधी त्यावरची मशीन आठवणीने हाताने हलवा.