तो वेगळा विषय नाही, ताई

पत्र : आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. मुलगी साडेतीन वर्षांची आहे. घराजवळच्या मोठ्या शाळेत छोट्या गटात प्रवेश मिळतो आहे. तेथे अक्षरे-आकडे गिरवून घेतात, रोज गृहपाठ असतो आणि दहावीपर्यंत पुन्हा प्रवेशाची काळजी नाही. दुसरीकडे एक मराठी बालवाडी आहे. तेथे गोष्टी, गाणी आणि गप्पा यांवर भर आहे, पहिले दीड वर्ष वही-पेन्सिल नाही आणि शनिवारी आजी-आजोबांना गोष्ट सांगायला बोलावतात. मला ती आवडली, पण यजमानांना वाटते की मुलगी पहिलीत मागे पडेल. तिला सवय व्हावी म्हणून घरात आम्ही सगळे इंग्रजीतच बोलतो. सासूबाईंना ते जमत नाही, म्हणून त्या हल्ली तिच्याशी फारशा बोलत नाहीत. पण तो वेगळा विषय आहे. कोणती शाळा निवडावी?

प्रिय ताई,

तुमच्या मूळ पत्रात फी, रिक्षा आणि गणवेश यांवर दोन पाने आहेत आणि सासूबाईंवर दीड ओळ. मी त्या दीड ओळीपाशीच थांबले. ज्या घरात मुलीशी दिवसभर मनापासून बोलू शकेल असे एक माणूस होते, त्या घरात ते माणूस गप्प झाले आहे, आणि त्याच घरातून तुम्ही मला भाषेने समृद्ध शाळा कोणती असे विचारता आहात. तो वेगळा विषय नाही. तुमच्या प्रश्नाचे उत्तर तेथेच आहे.

साडेतीन वर्षांची मुलगी आजीशेजारी बसून भुईमुगाच्या शेंगा फोडते आहे, अशी एक दुपार डोळ्यांसमोर आणा. टरफल कुठे टाकायचे, ही शेंग पोचट का निघाली, हा दाणा किडका कसा ओळखायचा, कुटाला मूठभर पुरतील की ओंजळभर लागतील, असे शंभर प्रश्न त्या तासाभरात निघतात आणि प्रत्येकाला उत्तर मिळते. खवट म्हणजे काय हे भिंतीवरचा तक्ता दाखवून शिकवता येत नाही. दाणा तोंडात जाऊन चेहरा कसनुसा झाला की तो शब्द जन्मभराचा होतो. आता तिच्या वाट्याला काय येते, तेही पाहा. तुम्ही स्वतः ज्या भाषेत रागावत नाही, लाड करत नाही, त्या भाषेतली ‘कम हिअर’, ‘डोन्ट टच’ अशी दहा-बारा वाक्ये. त्यांत हुकूम आहेत, गप्पा नाहीत. लहान मुलाची भाषा वाढते ती दोन्हीकडून चाललेल्या बोलण्याने, म्हणजे त्याने काही म्हणावे, मोठ्याने ते उचलून पुढे न्यावे आणि मुलाने पुन्हा विचारावे, अशाने.

यजमानांच्या भीतीबद्दल थोडक्यात सांगते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही पाच वर्षे एकाच पायाभूत टप्प्यात घेतली आहेत. म्हणजे पहिली आणि दुसरीसुद्धा बालवाडीचाच पुढचा भाग मानली आहे. शक्य असेल तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवावे, असेही तेच धोरण सांगते. वाचायला शिकणारे मूल अक्षरे जुळवून शब्द उच्चारते, पण तो शब्द आधी कानावरून गेलेला असेल तरच त्याला अर्थ लागतो. ज्या मुलीने ‘क’ चाळीस वेळा गिरवला आहे, पण जिला कणीस, कोंडा, कातरवेळ यांतले काहीच ऐकू आलेले नाही, ती पहिलीत वाचेल आणि तिला काही कळणार नाही. मागे पडणे त्याला म्हणतात. पेन्सिल धरायला तिची बोटे अजून पुरती तयारही नाहीत. शेंगा फोडण्याने ती तयार होतील. इंग्रजीला माझा विरोध नाही. ती तिला शिकायचीच आहे, आणि एक भाषा पक्की बोलणारे मूल दुसरी भाषा त्याच आधारावर शिकते.

आपल्याकडे हे नवे नाही. ताराबाई मोडकांनी 1945 साली आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्यासोबत उभ्या राहिल्या. महागड्या साधनांऐवजी त्यांनी शंखशिंपले, खडे आणि बिया वापरल्या, आणि मूल शाळेत येत नाही असे दिसल्यावर शाळाच मुलाच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द आपण रोज वापरतो, त्यामागे ही धडपड आहे. तुमच्या घरी अंगण होते, ताई, आणि ते तुम्ही बंद केले. हे लिहिताना मला वाईट वाटते आहे, पण सौम्य शब्द वापरले तर तुम्ही पुन्हा फीच्या आकड्यांकडे वळाल. सासूबाईंचीही समजूत मी काढणार नाही. नातीशी मराठीत बोलायला त्यांनी कुणाची परवानगी मागायला नको होती.

मुलीला बालवाडीत घाला. त्याआधी एक सकाळ वर्गात मागे बसून एवढेच पाहा, की बाई प्रश्न विचारून थांबतात का, आणि मुलाचे अडखळलेले वाक्य पुरे होईपर्यंत वाट पाहतात का. थांबत असतील तर त्याच दिवशी प्रवेश घ्या.

पण शाळा सुरू व्हायला वेळ आहे, आणि घरातला नियम आज संध्याकाळीच मोडायचा आहे. सासूबाईंना बाजूला घेऊन कारणे देत बसू नका. मुलीच्या देखतच म्हणा, “आई, आजपासून हिच्याशी तुम्ही तुमच्या भाषेत बोला, आम्हीही बोलू.” रविवारी दोघींना हरिपूरला संगमावर घेऊन जा आणि कृष्णेला वारणा कुठे मिळते ते दाखवायचे काम आजीकडे सोपवा. आणि बालवाडीत पहिल्या शनिवारी गोष्ट सांगायला कोण येणार असे विचारतील, तेव्हा सासूबाईंचे नाव द्या. “मला काय येतंय,” असे त्या म्हणतीलच. तरी नाव द्या, आणि त्या दिवशी त्यांना तुम्ही स्वतः सोडायला जा.

तुमची,
ताई