विमा कंपनीच्या ठेकेदाराने ओल न सुकवताच भिंत रंगवली, फरशी बसवली. आता दोघेही हात वर करतात. काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वरच्या बाथरूमचा पाइप फुटून खालची खोली भिजली. विमा कंपनीने पाठवलेल्या ठेकेदाराने दोन आठवड्यांत गिलावा, रंग आणि लाकडी फरशी उरकली. तीन महिन्यांत रंगाला फोड आले आणि फरशीच्या पट्ट्या कडेने उचलल्या. ठेकेदार म्हणतो हवा दमट आहे, कंपनी म्हणते ओल जुनीच होती. सगळं उखडून दुसऱ्याकडून करून घ्यावं का?

अजून उखडू नका. ती बिघडलेली फरशी हाच सध्या तुमच्याकडचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. दुसऱ्या ठेकेदाराने ती उचलून फेकली की पहिला ठेकेदार आणि कंपनी दोघेही म्हणतील, आम्हाला पाहायलाच मिळालं नाही. पाणी अजून गळत असेल तर ते बंद करा, खोली हवेशीर ठेवा, भिजलेला गालिचा किंवा सामान हलवा. नुकसान वाढू न देणं ही पॉलिसीनुसार तुमची जबाबदारी असते, आणि त्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहायची नाही. त्यापलीकडची तोडफोड मात्र लेखी कळवून, पाहणीसाठी तारीख देऊन, मगच.

या सगळ्या भांडणाचा निकाल एका प्रश्नावर लागतो: गिलावा आणि फरशी घालण्याआधी खालचा कोबा आणि भिंत कोरडी झाली होती, हे कोणी मोजलं होतं का? म्हणून कंपनीकडे सर्वांत आधी तीन कागद मागा: सर्व्हेअरचा पहिला अहवाल, कामाची बाबवार यादी आणि सुकवणीची नोंदवही. नोंदवहीत एकाच खूण केलेल्या जागांवरचे रोजचे आकडे, खोलीचं तापमान, हवेतली आर्द्रता आणि डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा ओढणारं यंत्र) कधी लावला, कधी काढला हे असायला हवं. बऱ्याचदा अशी वही नसतेच. तसं लेखी उत्तर आलं तर ते जपून ठेवा, तुमचं निम्मं काम त्यानेच होतं.

दोन आठवडे इथे मुळातच संशयास्पद वाटतात. नव्या सिमेंट कोब्यासाठी ठोकताळा असा: चांगल्या हवेत ५० मिमी जाडीपर्यंत दर मिलिमीटरला एक दिवस, त्यापुढे आणखी सावकाश. पुरता भिजलेला जुना कोबाही फार वेगाने सुकत नाही. यंत्रं लावली तर वेळ कमी होतो, पण थंड खोलीत, साधारण १५ अंशांखाली, फ्रिजसारखा हवा थंड करून पाणी ओढणारा नेहमीचा डीह्युमिडिफायर फारसं पाणी ओढत नाही. तिथे शोषक पदार्थावर चालणारं यंत्र लागतं. कोणतं यंत्र लावलं होतं, हेही विचारा.

आता मोजमाप. दोन सुयांचा मॉइश्चर मीटर (ओलावा मोजायचं यंत्र) लाकडासाठी बनवलेला असतो. लाकडावर त्याचा आकडा खरा टक्का धरता येतो, गिलाव्यावर नाही. गिलाव्यावर तो फक्त तुलनेसाठी वापरायचा: त्याच घरातली, त्याच प्रकारची, न भिजलेली भिंत आधी मोजा, मग ही. शिवाय भिंतीला लोणा लागला असेल तर क्षारांमुळे कोरडी भिंतही ओली दाखवते. सुया न टोचता वरून मोजणारा मीटर गिलाव्यामागच्या जाळीने किंवा फॉइलने फसतो. कंपनीचा माणूस एकदाच मीटर टेकवून "कोरडं आहे" किंवा "ओल जुनी आहे" म्हणाला, तर या दोन कारणांसाठी त्याला लेखी प्रश्न विचारा.

कोब्यासाठी किंवा स्लॅबसाठी भरवशाची पद्धत म्हणजे छिद्र पाडून आतली आर्द्रता मोजणं. एकाच बाजूने सुकणाऱ्या स्लॅबमध्ये जाडीच्या ४० टक्के खोलीपर्यंत छिद्र घेतात, त्यात नळी बसवून तोंड बंद करतात आणि आतली हवा स्थिरावल्यावरच आकडा वाचतात. लाकडी फरशीसाठी ब्रिटिश मानकांत ७५ टक्के ही कमाल मर्यादा धरतात. तुमच्या फरशीच्या उत्पादकाने काही वेगळं लिहिलं असेल तर ते ग्राह्य धरा. खाली लाकडी तळ असेल तर फरशीची पट्टी आणि तळ यांच्या ओलाव्यात अरुंद पट्ट्यांसाठी ४ आणि रुंद पट्ट्यांसाठी २ टक्क्यांहून जास्त फरक नको. अंदाज घ्यायचा असेल तर दीड फूट चौरस प्लास्टिकचा कागद उघड्या कोब्यावर चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवून किमान १६ तास ठेवा. खाली थेंब जमले किंवा कोबा काळपट पडला तर आत पाणी आहे. काहीच दिसलं नाही म्हणून मात्र कोरडा समजू नका.

"हवा दमट आहे" या उत्तराला फरशी स्वतःच उत्तर देते. पट्टीच्या दोन्ही कडा वर आणि मध्य खोल असेल, तर बहुतेक वेळा तिची खालची बाजू वरच्यापेक्षा ओली असते, म्हणजे पाणी तळातून येतंय. दोष हवेचा असता तर पाइपपासून लांबच्या कोपऱ्यातल्या पट्ट्याही तशाच फुगल्या असत्या. दोन्हीकडचे फोटो सरळ मोजपट्टी आडवी ठेवून, फटीचं माप दिसेल असे घ्या. फरशी मधोमध तंबूसारखी उचलली असेल तर एका ठिकाणचं स्कर्टिंग (भिंतीच्या तळाशी लावलेली पट्टी) काढून भिंतीलगतची फट बघा. तिथे साधारण ८ ते १० मिमी मोकळी जागा लागते. ती नसेल तर ती चूकही बसवणाऱ्याचीच, फक्त कारण वेगळं. आणि ठेकेदार "घासून सपाट करून देतो" म्हणाला तर साफ नाही म्हणा. ओल्या पट्टीच्या उंच कडा घासल्या की सुकल्यावर तिचा मध्य वर येतो आणि मग फरशी कायमची गेली.

भिंतीतली ओल कुठली, हेही वेगळं करावं लागतं. पृष्ठभाग ओला, आत कोरडं, आणि डाग थंड कोपऱ्यात असतील तर हवेतली वाफ भिंतीवर बसते आहे. आत जास्त ओल आणि आकडे आठवड्यागणिक उतरत असतील तर जुनं अडकलेलं पाणी बाहेर पडतंय. आकडे उतरतच नसतील किंवा वाढत असतील तर बहुधा गळती चालू आहे: घरातले सगळे नळ बंद करून दोनेक तासांनी पाण्याचा मीटर हलला का पाहा, नंतर पाइपची दाबचाचणी करून घ्या. निचऱ्याच्या पाइपची गळती यात पकडली जात नाही, त्यासाठी रंगीत पाणी ओतून बघावं लागतं. हे दर आठवड्याला, पेन्सिलीने खूण केलेल्या त्याच जागांवर मोजा. चार आठवड्यांची वही असेल तर तुमच्या शब्दाला वजन येतं.

कंपनीच्या "जुनी ओल" या मुद्द्याला मी सगळ्यात कमी घाबरेन. सर्वसाधारण तत्त्व असं की नुकसान पॉलिसीत बसतं हे तुम्ही दाखवायचं, ते अपवादात मोडतं हे कंपनीने दाखवायचं. इथे तर तिने एकदा क्लेम मान्य करून काम करवून घेतलं आहे. पहिल्या अहवालात जुन्या ओलीचा उल्लेख नसेल तर आताच तो कुठून आला, एवढंच विचारा. त्यांची बाजू खरी असू शकते हे ओळखायच्या खुणा: एकात एक अनेक कडांचे डाग, गंजलेले स्क्रू, कुजून भुसा झालेलं लाकूड. एका दिवसाच्या पुराने लाकूड कुजत नाही. अशा खुणा दिसल्या तर त्या लपवू नका, तुमचा तज्ज्ञच त्या शोधून काढेल.

कोणाला धरायचं, हे ठेकेदार कोणी नेमला त्यावर ठरतं. कंपनीने स्वतः दुरुस्ती करून द्यायची निवड केली असेल तर ती नीट करून देणं हे तिचंच काम. त्यामुळे तक्रार कंपनीला, प्रत ठेकेदाराला. तुम्ही रोख रक्कम घेऊन स्वतः ठेकेदार नेमला असेल तर कामाचा दोष ठेकेदाराचा, आणि गिलाव्यामागे नंतर सापडलेलं नुकसान हा कंपनीकडे पुरवणी क्लेम. दोन वेगळी पत्रं लिहा. एकाच पत्रात दोघांना झापलं की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

पत्रात एवढं पुरे: काम कधी संपलं, काय बिघडलं, कोणत्या जागी काय मोजलं, कोणते कागद हवेत, पाहणीसाठी तुम्ही देत असलेले दोन दिवस, आणि त्या मुदतीत कोणी आलं नाही तर तुम्ही स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासणी करून खर्च मागाल ही सूचना. तज्ज्ञ वॉटरप्रूफिंग विकणारा नको. तो प्रत्येक भिंतीला वॉटरप्रूफिंगच सुचवेल. पाहणीत फरशी उचलली तर दोन पट्ट्या राखून ठेवा, जागा आणि दिशा लिहून. ओलावा मोजायचा तुकडा लगेच प्लास्टिकमध्ये हवाबंद करा. बुरशीचा नमुना मात्र कागदी पिशवीत, कारण प्लास्टिकमध्ये ती वाढतच राहते.

नवी यादी बनेल तेव्हा हमखास सुटणाऱ्या बाबी अशा: मलबा उचलणं, फरशीखालचा थर, भिंतीमागचं भिजलेलं उष्णतारोधक अस्तर (ग्लास वूल वगैरे), विजेच्या पॉइंटची तपासणी, सुकवणीचं भाडं, पुन्हा मोजणी, फर्निचर हलवणं, काम चालू असताना राहण्याची सोय. रंग डागापुरता नाही, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. पुट्टी आणि रंग आकडे उतरल्यावरच. वाफेला वाट न देणारा रंग ओल्या गिलाव्यावर लावला की फोड येणार, मग तो कितीही महाग असो. लोणा सुक्या ब्रशने झाडा, पाण्याने धुतला तर विरघळून परत आत जातो.

कंपनी रोख देऊन प्रकरण मिटवू पाहील तर तिचा हिशेब बाबवार मागा. ती बहुधा आपल्या ठेकेदाराचे सवलतीचे दर धरते. त्या दरात तुम्हाला कोणी काम करून देणार नाही, म्हणून स्वतःची दोन लेखी कोटेशन जोडा. घर कमी रकमेला विमाबद्ध असेल तर तेही तपासा: पुनर्बांधणीचा खर्च १० आणि विमा ७ असेल, तर काही पॉलिसींत नुकसानीच्या ७० टक्केच मिळतात. "पूर्ण व अंतिम" असं लिहिलेल्या पावतीवर सही केली तर पुरवणी क्लेमचं दार बहुतेक बंद होतं. रक्कम घेणं भाग असेल तर "हक्क राखून, निषेधासह" असं सहीशेजारी लिहा आणि त्याच दिवशी तसं पत्रही पाठवा. कंपनीने नाही म्हटलं तर ते "अंतिम उत्तर" म्हणून लेखी घ्या, कारण विमा लोकपालाकडे किंवा ग्राहक आयोगाकडे जाण्याची मुदत अनेकदा त्या तारखेपासून धावते. आणि नवं काम झालं तरी कामपूर्तीच्या कागदावर सही फरशी बसवण्याआधीचे आकडे तुमच्या हातात आल्यावरच करा.