अल्टरनेटर बदलण्याआधी एकदा मीटर लावा

तुमच्या जुन्या अल्टोत महिन्यापूर्वीच नवी बॅटरी घातलीय, तरी डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा मंद पेटतो, सकाळी स्टार्टर कण्हतो आणि गॅरेजवाला म्हणतो अल्टरनेटर (इंजिनच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी भरणारं जनित्र) बदला. घरी जमेल का, असं विचारलंत. जमेल, पहिल्यांदा करत असाल तर अर्धा दिवस धरा. पण तोच गेलाय याची आधी खात्री करा. हे मी कळकळीने सांगतोय, कारण चांगले अल्टरनेटर भंगारात गेलेले मी पाहिलेत.

साधा मल्टिमीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवा. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते. इंजिन सुरू करून, हेडलाइट आणि ब्लोअर लावूनही बॅटरीवर साधारण 13.8 ते 14.5 मिळायला हवेत. 13 च्या खाली असेल तर चार्जिंग होत नाहीये. मग इंजिन चालू ठेवूनच मीटरची एक तार अल्टरनेटरच्या जाड वायरच्या बोल्टला आणि दुसरी बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावा. हात आणि बाह्या पट्ट्यापासून लांब. फरक पाव व्होल्टपेक्षा जास्त आला तर दोष वायरीत किंवा गंजलेल्या लगमध्ये (वायरीच्या टोकाची कडी). अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यामध्येही हेच करून बघा, अर्थिंग कळेल. पट्टा ढिला नाही ना, तेही पाहा. बरेचदा अल्टरनेटरमधले नुसते कार्बन (ब्रश) झिजलेले असतात. ते ऑटो इलेक्ट्रिशियन थोडक्यात बदलून देतो.

चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढून ‘बंद पडते का बघू’ म्हणणारे अजून भेटतात. तसं कुणालाही करू देऊ नका. व्होल्टेज एकदम उसळतं आणि ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) जळू शकतो.

बदलायचाच ठरला तर पहिला पाना बॅटरीच्या निगेटिव्हला, ती तार आधी काढा. अल्टरनेटरची जाड वायर थेट बॅटरीवरून येते, किल्ली काढली तरी तिच्यात करंट असतो. सुरुवातीच्या काळात मी ही पायरी गाळली होती. पान्याचं दुसरं टोक ब्रॅकेटला टेकलं आणि निळी ठिणगी उडाली. पान्याच्या तोंडाला पडलेला खड्डा आजही बोटाला लागतो. त्या हातात अंगठी असती तर बोट भाजलं असतं. अंगठी, घड्याळ काढूनच हात घाला.

पुढचं सरळ आहे. पट्टा कसा बसलाय त्याचा फोटो काढा, कप्लर (बारीक वायरींचा प्लग) आणि जाड वायर सोडवा, ताणाचा बोल्ट ढिला करून पट्टा उतरवा, मग खालचा लांब बोल्ट. वरून हात पुरला नाही आणि गाडी उचलावी लागली तर स्टँड लावाच, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नका. नवा पीस घेताना जुना दुकानात घेऊन जा. अँपिअर, कप्लरच्या पिना, पुलीच्या खाचा आणि बोल्टच्या कानांमधलं अंतर, सगळं शेजारी ठेवून जुळवा.

बसवताना पट्टा अति ताणू नका, बेअरिंग लवकर जातं. आणि बॅटरी आधी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरून घ्या. मेलेली बॅटरी भरताना नवा अल्टरनेटर पूर्ण लोडवर तापत राहतो. निगेटिव्ह शेवटी जोडा.

हे वाचणाऱ्या कुणाची सियाझ किंवा अर्टिगा एसएचव्हीएस (मारुतीची माइल्ड हायब्रिड) असेल तर थांबा. तिथे अल्टरनेटरच्या जागी आयएसजी (स्टार्टर आणि जनरेटर एकत्र) असतो, तो इंजिन सुरूही करतो. ते काम घरी करू नका.

मीटरचे आकडे इथे टाका, लोड लावून आणि लोड न लावता, दोन्ही. मग पुढचं ठरवू.