पिनवरचा हिरवट थर

ऑडिओ केबलच्या पिनवर हिरवट, चिकट थर दिसला म्हणून ती लगेच टाकून देऊ नकोस. हिरवा रंग तांब्याच्या गंजाचा. चिकटपणा बहुतेकदा पीव्हीसीच्या आवरणातून पाझरलेल्या प्लास्टिसायझरचा, म्हणजे प्लास्टिक मऊ ठेवणाऱ्या रसायनाचा. आधी अॅम्प्लिफायर बंद कर, केबल दोन्हीकडून काढ. मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी जेमतेम ओली करून पिन पूस, काडी स्वच्छ निघेपर्यंत. पिनवरच्या काळ्या रिंगांजवळच्या फटी विसरू नकोस, खरी घाण तिथेच दडते. पॉलिश पेपर मात्र अजिबात लावू नकोस! सोन्याचा मुलामा बहुतेक वेळा एक मायक्रोमीटरहूनही पातळ असतो. तो घासला गेला की खालचा धातू उघडा पडतो आणि पुन्हा काळवंडतो. पूर्ण वाळल्यावरच जोड. तरीही आवाजात खरखर राहिलीच, तर सॉकेट तपास.