'सु कासा' म्हणजे कुणाचं घर?

धुळ्याहून विचारणा आली आहे: स्पॅनिशमध्ये 'त्यांचं घर' म्हणजे 'सु कासा'. मालक अनेक असताना 'सुस कासा' का नाही?

कारण 'सु'चं 'सुस' होणं मालकांवर नाही, वस्तूंवर अवलंबून आहे. घर एक तर 'सु कासा', घरं अनेक तर 'सुस कासास', मग ती एकाच माणसाची का असेनात. धुळ्याकडची अहिराणी बोलणाऱ्याला हे परकं वाटू नये. 'मना भाऊ', 'मनी बहीण' यांतलं मना की मनी हे बोलणारा पुरुष की बाई यावरून ठरत नाही, पुढच्या नामावरून ठरतं. घोटाळा होतो तो 'त्यांचं'मधल्या 'त्यां'वरच्या अनुस्वारामुळे. मराठीत मालकाचं अनेकवचन त्या अनुस्वारात दिसतं, आणि आदरही. काका एकटेच असले तरी घर 'त्यांचं'. हाच हिशेब स्पॅनिशला लावला की 'सुस कासा' तोंडात येतं.

'सु' त्याचं, तिचं, त्यांचं आणि आदरार्थी 'तुमचं' अशा सगळ्यांना चालतं. संदर्भावरून कळत नसेल तर सरळ 'ला कासा दे एया' (तिचं घर), 'दे एल' (त्याचं), 'दे एयोस' (त्यांचं), 'दे उस्तेद' (तुमचं) असं फोडून सांगावं.

लिंगाचं म्हणाल तर 'मि', 'तु', 'सु' भावाला आणि बहिणीला सारखेच: 'मि एर्मानो', 'मि एर्माना'. 'आमचा' मात्र बदलतो: 'न्वेस्त्रो एर्मानो', 'न्वेस्त्रा एर्माना'.

दुसरी नेहमीची चूक नाम गाळल्यावर होते. मराठीत 'माझं' एकटंही उभं राहतं, 'मि' राहत नाही. 'हे पुस्तक माझं आहे' म्हणजे 'एस्ते लिब्रो एस मीओ'. इथे लिंग आणि वचन दोन्ही पाळावे लागतात: मीओ, मीआ, मीओस, मीआस. 'माझं टेबलावर आहे' असं म्हणताना 'मीओ'च्या आधी 'एल' हवाच: 'एल मीओ एस्ता एन ला मेसा'. 'माझी एक मैत्रीण' मात्र 'उना अमिगा मीआ', मालकी नामाच्या नंतर.

शरीराच्या अवयवांना मालकी सहसा लावत नाहीत. 'मी हात धुतो' म्हणताना आपणही 'माझे' म्हणत नाही; स्पॅनिशमध्येही 'मे लावो लास मानोस'. पण 'माझं डोकं दुखतंय' हे 'मे द्वेले ला काबेसा' होतं. तिथे 'मि काबेसा' म्हणण्याचा मोह आवरावा.