कुंपणावर कललेला गुलमोहर आणि शेजाऱ्यांची नोटीस

प्रश्न : आमच्या आवारात कुंपणाच्या भिंतीलगत वडिलांनी लावलेला मोठा गुलमोहर आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही घराच्या बाजूला जमिनीखाली पाण्याची टाकी बांधली, तेव्हा खड्डा खणताना त्याची बरीच मुळं तोडावी लागली. या पावसाळ्यात झाड शेजाऱ्यांच्या बाजूला कललं आहे. खाली त्यांची गाडी उभी असते, मुलं खेळतात. बुंध्याला कडक, पंख्यासारखी अळंबी उगवली आहे. वरचा पाला मात्र हिरवागार आहे. शेजाऱ्यांनी वकिलामार्फत नोटीस पाठवली : पंधरा दिवसांत झाड काढा, नाहीतर होणाऱ्या नुकसानीला तुम्ही जबाबदार. महापालिकेचा एक कर्मचारी बघून गेला आणि ‘काढून टाका’ असं तोंडी सांगून गेला. मामा म्हणतात, रविवारी लाकूडतोडे बोलावून मोकळ्या व्हा. घर अजून वडिलांच्या नावावर आहे. ते हयात नाहीत. इथे आई आणि मी राहतो, भाऊ परदेशात असतो. झाड खरंच काढायला हवं का, हे आम्ही कसं ठरवायचं?

उत्तर : रविवारचा बेत आधी रद्द करा. ‘काढून टाका’ असं कुणी तोंडी सांगितलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. उद्या तक्रार झाली तर तो कर्मचारी ‘मी असं बोललोच नाही’ म्हणेल आणि गुन्हा तुमच्यावर दाखल होईल.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे. झाड धोकादायक आहे की नाही, हे तुम्ही, शेजारी किंवा मी ठरवू शकत नाही. ते वृक्षतज्ज्ञाचं काम आहे. न्यायालय वेगळी गोष्ट बघतं : धोका तुम्हाला माहीत होता का, किंवा माहीत असायला हवा होता का, आणि माहीत झाल्यावर तुम्ही काय केलंत? नोटीस हातात पडली त्या दिवशी पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ झालं. आता सगळा भर दुसऱ्या प्रश्नावर आहे.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवून वाचले की हे स्पष्ट होतं. १९९७ च्या राजकोट महापालिकेच्या प्रकरणात रस्त्याकडेचं झाड अचानक कोसळून पायी जाणारा माणूस दगावला. झाड पडणार असल्याची महापालिकेला कल्पना होती, असं दाखवता आलं नाही, आणि महापालिका जबाबदारीतून सुटली. दोनच वर्षांनी, १९९९ मध्ये, दिल्ली महापालिकेच्या प्रकरणात कडुलिंबाची फांदी स्कूटरवरून जाणाऱ्याच्या डोक्यात पडली आणि त्याचा मृत्यू झाला. ते झाड वाळलेलं होतं, बघणाऱ्याला दिसण्यासारखं होतं. महापालिकेला भरपाई द्यावी लागली. न्यायालयानं सांगितलेलं सूत्र असं : जमिनीवरचं झाड वाळलेलं किंवा मेलेलं असेल, त्यामुळे ते पडण्याचा संभव असेल आणि हा दोष जमीनधारकाला माहीत असेल किंवा माहीत असायला हवा असेल, तर नुकसानीची जबाबदारी त्याची. दोन्ही प्रकरणं महापालिकांची असली तरी तत्त्व खासगी आवारालाही लागू पडतं.

तुमचा गुलमोहर हिरवा आहे, वाळलेला नाही. पण या युक्तिवादावर विसंबू नका. पाला हिरवा असणं म्हणजे पाणी वर चढतंय, एवढंच. झाड उभं राहतं ते मुळांच्या पकडीवर, आणि थोडी मुळं शिल्लक असली तरी ती पाणी ओढत राहतात. गुलमोहराची मुळं मुळात उथळ आणि पसरट. त्यातली घराकडची तुम्ही तोडलीत, आणि झाड कललं नेमकं विरुद्ध दिशेला. तंबूची एका बाजूची दोरी सोडली तर तो दुसऱ्या बाजूला झुकणारच. बुंध्यावरची कडक अळंबी हे बहुतेक वेळा आतलं लाकूड किंवा मुळं कुजत असल्याचं बाहेर दिसणारं लक्षण असतं. मुळं तोडली, झाड नव्यानं कललं आणि बुंध्याला बुरशी आली, हे तिन्ही एकत्र असताना ‘आम्हाला कल्पना नव्हती’ हा बचाव उभाच राहत नाही. शिवाय मुळं तोडण्याचं काम तुमच्याच घरी झालंय, हे शेजाऱ्यांचे वकील विसरणार नाहीत. पावसाळी वाऱ्यानं झाड पडलं तर ‘दैवी आपत्ती’ म्हणून सुटू, असंही मनात आणू नका. दरवर्षी येणारा वारा-पाऊस हा काही अकल्पित प्रसंग नव्हे.

आज एक गोष्ट घरच्या घरी तपासा, पण झाडाच्या कलत्या बाजूला उभं न राहता. टाकीच्या बाजूला, बुंध्यापासून चार-सहा फुटांवर, जमिनीला अर्धवर्तुळाकार भेग पडली आहे का? माती फुगून वर आली आहे का? वारा असताना ती भेग उघडते-मिटते का? तसं दिसलं तर मूळपट्टी, म्हणजे बुंध्याखालचा मुळांचा आणि मातीचा गड्डा, उचलली जात आहे आणि अर्ज-विनंतीत घालवायला वेळ नाही. त्याच तासाला अग्निशमन दल किंवा महापालिकेच्या आपत्ती कक्षाला फोन करा, शेजाऱ्यांना गाडी हलवायला आणि मुलांना तिकडे न सोडायला सांगा, आणि तेच मेसेज करून लेखीही ठेवा. भेगेचा फोटो काढताना शेजारी मोजपट्टी ठेवा. झाड रोपटं असल्यापासून तिरकं वाढलेलं असेल तर त्याचं खोड वर जाताना पुन्हा उभं व्हायचा प्रयत्न करतं, ते धनुष्यासारखं वळलेलं दिसतं. अशी झाडं वर्षानुवर्षं उभी राहतात. खोड सरळसोट आहे आणि अख्खंच्या अख्खं झुकलंय, तर ती गोष्ट वेगळी. घरात जुने फोटो असतील, एखाद्या वाढदिवसाचे, मागे गुलमोहर दिसणारे, तर ते शोधा. कल जुना की नवा, याचा त्याहून चांगला पुरावा तुम्हाला मिळणार नाही.

भेग नसेल, तर या आठवड्यात वृक्षतज्ज्ञ बोलावून लेखी अहवाल घ्या. झाड तोडण्याचं कंत्राट घेणाऱ्याकडूनच ‘झाड धोकादायक आहे’ असा दाखला घेऊ नका; तोडण्यात ज्याचा फायदा आहे, त्याच्या मताला उलटतपासणीत फार किंमत उरत नाही. अहवालात बुंध्याची आणि मुळांची तपासणी, पोकळी असल्यास शिल्लक भरीव लाकडाची जाडी, कलाची दिशा, आणि झाड पडलंच तर खाली काय सापडेल, हे सगळं यायला हवं. खोड पोकळ आहे एवढ्यावरून झाड तोडायची गरज नसते. बाहेरचा भरीव वेढा पुरेसा असेल तर पोकळ झाडही टिकतं. आणि उपाय म्हणून फक्त तोडणंच आहे की शेंडा हलका करून किंवा आधार देऊन भागेल, हेही तज्ज्ञाला स्पष्ट लिहायला सांगा. कायद्यालाही हा दुसरा पर्याय मान्य आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली पडायला आलेल्या झाडाबद्दल कार्यकारी दंडाधिकारी आदेश देऊ शकतात, आणि तो झाड काढण्याचा किंवा त्याला आधार देण्याचा असू शकतो. शेजारी हा मार्गही धरू शकतात, हे लक्षात असू द्या.

परवानगीचं सांगतो. तुम्ही महापालिका हद्दीत आहात, म्हणजे महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू. झाड तुमचं, जमीन तुमची, तरीही वृक्ष प्राधिकरणाच्या पूर्वपरवानगीशिवाय तोडता येत नाही. या कायद्यात ‘झाड तोडणे’ याच्या व्याख्येत जाळणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणंही येतं. हे मुद्दाम सांगतो, कारण खोडाला भोक पाडून आम्ल ओतायचं आणि ‘आपोआप वाळलं’ म्हणायचं, असा सल्ला देणारे लोक प्रत्येक गल्लीत भेटतात. त्यात गुन्हा तर होतोच, वर वाळलेलं झाड जास्त लवकर पडतं. अर्ज वृक्ष अधिकाऱ्याकडे करायचा. ते पाहणी करतात आणि झाडावर व वर्तमानपत्रात जाहीर सूचना लागते. झाडाचं वय पन्नास किंवा त्याहून जास्त असेल तर २०२१ च्या दुरुस्तीनंतर ते ‘वारसा वृक्ष’ ठरतं आणि छाननी कडक होते, म्हणून वडिलांनी ते साधारण कोणत्या वर्षी लावलं हे आईंना विचारून अर्जात लिहा. बदल्यात नवी झाडं लावायची अट येईल, ती पाळा. झाडावर पक्ष्यांची घरटी असतील तर तेही अर्जात सांगा. (हद्दीबाहेर गावात असतात त्यांच्यासाठी १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा वेगळा कायदा आहे, तुमचा त्याच्याशी संबंध नाही.)

मामांना लाकूडतोड्यांबद्दल माझ्यातर्फे एवढं सांगा. चढणारा माणूस आपला दोर त्याच झाडाला बांधतो. मुळं कुजलेल्या झाडावर तो चढला की त्याचं वजन आणि कापलेल्या फांद्यांचे हिसके त्याच पकडीवर येतात. कललेल्या खोडात ताण असतो. खालून करवत लावली की ते मध्येच उभं चिरतं आणि मागे उसळतं. अशा झाडाला हात न लावता क्रेन किंवा हायड्रॉलिक शिडीवरून, वरून खाली तुकडे करत, दोरानं एकेक उतरवावं लागतं, आणि जवळ वीजतारा असतील तर वीज कंपनीकडून पुरवठा बंद करून घ्यावा लागतो. माणूस पडून मेला तर निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याचा, भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खालचा गुन्हा दाखल होऊ शकतो. त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. झाड जमिनीवर उभं राहून हातानं पोचण्यापलीकडे असेल, खाली घर, भिंत, गाडी किंवा तार असेल, किंवा मुळांची शंका असेल, तर यातलं एकही कारण व्यावसायिक पथक बोलावायला पुरेसं आहे. तुमच्याकडे सगळीच आहेत. करार लेखी करा, कामगारांच्या विम्याची प्रत मागा, आणि परवानगीपत्राची प्रत कंत्राटदाराला दिल्याची सही घ्या.

नोटिशीला उत्तर मुदतीच्या आत द्या. गप्प बसणं ही तुमच्या बाबतीत सर्वांत महागात पडणारी गोष्ट ठरेल. उत्तर छोटं असावं : नोटीस मिळाली, अमुक तारखेला वृक्षतज्ज्ञाची पाहणी ठरली आहे, अमुक तारखेला वृक्ष अधिकाऱ्यांकडे अर्ज दिला आहे, तोवर तुमच्याकडची गाडी आणि वावर त्या जागेपासून दूर ठेवावा, हे उत्तर आमचे सर्व हक्क अबाधित ठेवून देत आहोत. ‘झाड धोकादायक आहे हे मान्य’ असं लिहू नका आणि ‘झाड ठणठणीत आहे’ असंही लिहू नका. अहवाल येईपर्यंत दोन्ही वाक्यं तुमच्या विरोधात जाऊ शकतात. सोबत अर्जाची पोच जोडा. शेजाऱ्यांनी ‘आमच्या हद्दीत आलेल्या फांद्या आम्हीच छाटतो’ म्हटलं तर त्यांनाही परवानगी लागेल, हे त्यांना लेखी कळवा. आणि तुम्हीसुद्धा घाईत तुमच्या बाजूच्या, हाताशी येणाऱ्या फांद्या तोडू नका. त्यांचं वजनच सध्या झाडाला तुमच्याकडे ओढून धरतंय.

राहिला नावाचा प्रश्न. मिळकत पत्रिकेवर वडिलांचं नाव आहे म्हणून जबाबदारी टळत नाही. आवार ज्यांच्या ताब्यात, काळजी घेण्याचं कर्तव्य त्यांचं, म्हणजे आईंचं आणि तुमचं. अर्ज मात्र सर्व वारसांच्या वतीनं जायला हवा. मृत्यूचा दाखला, मिळकत पत्रिका, कराची पावती आणि भावाचं संमतिपत्र जोडा. भावाला आजच ई-मेलनं संमती कळवायला सांगा, सही केलेली मूळ प्रत मागाहून येऊ दे. ती येईपर्यंत अर्ज थांबवू नका. ‘एका वारसाची लेखी संमती मागाहून सादर करू’ असं अर्जात लिहा आणि उद्याच आवक-जावक खिडकीवर देऊन शिक्क्यासह पोच घ्या. मिळकतीवर वारस म्हणून नावं लावून घेण्याचं राहिलेलं काम या निमित्तानं सुरू केलंत तरी चालेल, पण ते झाडानंतर.